राखण

अलिबागहून रेवदंड्याकडे जाणारी एसटी चौल मागे टाकून थोडी पुढे सरकते आणि कसलीही पूर्वसूचना न देता एका किल्ल्यात शिरते. तटबंदी फोडून रस्ता काढलेला आहे. काळ्या दगडाच्या, वडापिंपळाची मुळे आत घुसलेल्या भिंती दोन्ही बाजूंनी खिडकीच्या इतक्या जवळून जातात की बाहेर ठेवलेले कोपर आपण आपोआप आत घेतो. पुढच्याच क्षणी किराणा दुकान, केशकर्तनालय, मोबाईलची कव्हरे टांगलेली टपरी आणि शाळेतून सुटलेली मुले असे चालतेबोलते गाव सुरू होते. कंडक्टर 'रेवदंडा' म्हणून हाक देतो. किल्ल्याचा उल्लेख तो करीत नाही, आणि गाडीतल्या कोणाला तो अपेक्षितही नसतो.

गेल्या मार्चमध्ये माझा थोरला भाऊ आणि मी या किनाऱ्याने पाच दिवस प्रवास केला. अलिबागपासून रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासपर्यंत एसटी, सहा आसनी रिक्षा आणि फेरीबोट यांनीच जायचे, स्वतःची गाडी न्यायची नाही, ही अट दादाची होती. आयुष्यभर पूल आणि बंधारे बांधून तो निवृत्त झाला आहे, आणि जुनी भिंत दिसली की तिचे वय विचारण्याआधी तो बोटाच्या पेराने ती वाजवून पाहतो. मी पाहायला निघाले होते कासवे. वाटेतले किल्ले त्याचे आणि प्राणी माझे, अशी आमची वाटणी झाली होती. ती पहिल्याच दिवशी मोडली, कारण या किनाऱ्यावर पडकी भिंत, झाड, जनावर आणि माणूस यांना वेगवेगळे करता येत नाही.

सकाळी आम्ही अक्षीला उतरलो होतो. तिथला शिलालेख मराठीतला सर्वांत जुना, शके ९३४ म्हणजे इसवी सन १०१२ चा, असे डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनापासून मानले जाते. लेखात राजाला 'पश्चिम समुद्राचा अधिपती' म्हटले आहे. एवढे मोठे बिरुद वाचल्यावर पुढे एखादी लढाई किंवा जमिनीचे भले मोठे दान असेल असे वाटते, आणि प्रत्यक्षात मजकूर आहे देवीच्या बोडणासाठी, म्हणजे तिच्या पूजेच्या एका कुळाचारासाठी, द्यायच्या नऊ कुवली धान्याचा. कोणी त्यात मोडता घालू नये म्हणून शेवटी महालक्ष्मीची आण घातली आहे. बोडण आमच्या आईकडे अजून भरतात. हजार वर्षांपूर्वी धान्याच्या काही मापांची राखण करायला एक दगड आणि एक शपथ पुरेशी वाटली होती, हे त्या लेखासमोर उभे असताना माझ्या मनात आले, आणि 'राखण' हा शब्द पुढचे पाच दिवस माझ्या मागेच लागला.

कोकणात हा शब्द फार वापरातला आहे. गावाच्या सीमेवर राखणदार असतो, वाडीला राखण असते, राखणीचा नारळ द्यायचा चुकला तर घरातल्या प्रत्येक आजारपणाचे कारण तिथेच शोधले जाते. मी शहरात वाढल्यामुळे मला हे सगळे भुताखेतांच्या खात्यातले वाटायचे.

रेवदंड्याच्या किल्ल्यात सातखणीचा मनोरा शोधत आम्ही एका वाडीच्या बेड्यापाशी, म्हणजे फाटकाशी, थांबलो. आत एक बाई माडांच्या आळ्यांना पाणी वळवत होत्या. "मावशी, आत येऊन मनोरा पाहिला तर चालेल का?" असे दादाने विचारल्यावर त्या म्हणाल्या, "या की. चपला तेवढ्या सांभाळा, पाट सोडलाय." मनोरा पोर्तुगीजांच्या एका फ्रान्सिस्कन चर्चचा. नावाप्रमाणे तो कधी काळी सात मजल्यांचा होता, आता वरचे मजले गेले आहेत आणि खिडक्यांच्या चौकोनांतून आकाश दिसते. त्याच्या पायथ्याशी मावशींनी सुक्या झावळ्या रचून ठेवल्या होत्या. शेजारच्या भिंतीतल्या कोनाड्यात, जिथे पूर्वी बहुधा एखाद्या संताची मूर्ती असावी, तिथे कोयता, सुतळीचे बंडल आणि एक छोटा रेडिओ होता. दादाने भिंत वाजवली, सांध्यातला चुना नखाने खरवडून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. "पावसाळ्यात दगड पडतात का?" असे त्याने विचारले. "पडतात. पडले की गडग्याला लावतो," मावशी म्हणाल्या. पुरातत्त्वाच्या नियमांना हे अजिबात मान्य होणार नाही आणि मलाही ते पटले असे नाही. परंतु मनोऱ्याच्या अंगावर उगवणारा पिंपळ दर वर्षी छाटणारी व्यक्तीही तीच होती, हे विसरून नुसता राग धरणे मला जमले नाही.

या एवढ्याशा जागेने जे पाहिले आहे त्याची यादी केली तर छाती दडपते. टॉलेमीच्या भूगोलात चौलचे नाव येते. अरबांनी त्याला सैमूर म्हटले, आणि दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल-मसूदी इथे येऊन गेला. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन याच बंदरात उतरला. घोडा विकून नफा करायचा त्याचा बेत होता. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तर परत देईन असे बजावले. तो त्याने कसाबसा सोडवून घेतला. त्याच्या टिपणांत चार महिने रात्रंदिवस चाललेला पाऊस आणि सगळीकडचे पाणी आणि चिखल यांचे वर्णन आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची ही तक्रार साडेपाचशे वर्षे तशीच राहिली आहे. १५०८ मध्ये इथल्या खाडीत इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला आणि व्हॉइसरॉय अल्मेडाचा मुलगा लॉरेन्सो त्यात मारला गेला. पुढे पोर्तुगीजांनी किल्ला बांधला, १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा वेढा त्यांनी परतवून लावला, आणि वसई पडल्यानंतरच्या वर्षी, १७४० मध्ये, तहाने हे ठाणे मराठ्यांच्या हाती आले. दरवाज्यावरचे पोर्तुगालचे राजचिन्ह अजून दिसते. त्याखाली त्या दुपारी एक म्हैस सावली धरून बसली होती.

याच पट्ट्यात बेने इस्रायल लोकांची घरे होती. गलबत फुटून त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला लागले अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याच्या धंद्यामुळे आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्यामुळे गावाने त्यांना 'शनिवार तेली' हे नाव दिले. बहुतेक जण इस्रायलला गेले, आणि तिथे त्यांनी 'मायबोली' या नावाचे मराठी नियतकालिक चालवले. भाषा राखण्यासाठी ती जिथे बोलली जाते तिथेच राहावे लागते असे नाही, हे त्यांच्यामुळे कळते. त्याची उलटी बाजू आम्हाला कुंडलिकेच्या पुलापलीकडे, कोर्लईत दिसली.

कोर्लईचा किल्ला समुद्रात घुसलेल्या एका लांबट डोंगरावर आहे. त्याच्या माथ्यावरून चालताना दोन्ही हातांना पाणी दिसते, एकीकडे उघडा समुद्र आणि दुसरीकडे खाडीचे मुख. पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये तो निजामशाहीकडून जिंकला. डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती आहे आणि त्या वस्तीतल्या काही शे लोकांची भाषा जगात दुसरीकडे कोठेही बोलली जात नाही. शब्द मुख्यतः पोर्तुगीज, परंतु वाक्याची ठेवण मराठीच्या शेजारात राहून राहून मराठीसारखी झालेली, म्हणजे क्रियापद शेवटी. बोलणारे तिला 'नौ लिंग', आपली भाषा, म्हणतात. पोर्तुगीज सत्ता १७४० मध्ये संपली आणि तरी बोली राहिली, याचे कारण अभ्यासक असे देतात की धर्माने आणि जातीने हा समाज आसपासच्या गावांपासून वेगळा पडला, त्यामुळे घरातली भाषा घरातच फिरत राहिली. म्हणजे वाळीत पडल्यासारखे जगणे हीच त्या भाषेची राखण झाली. आता मुले शाळेला आणि कामाला बाहेर जातात, मराठी आणि इंग्रजी शिकतात, आणि जे त्यांच्या हिताचे आहे त्याचाच भाषेला धोका आहे.

चर्चजवळच्या एका घराच्या ओट्यावर एक आजी सुके बोंबील निवडत बसल्या होत्या. आमच्याशी त्या अस्सल रायगडी मराठीत बोलल्या, बोंबलाचा भाव सांगितला, दादाच्या टोपीची चौकशी केली. मध्येच आतून नातू काही ओरडला आणि त्यांनी मान न वळवता त्याला उत्तर दिले. त्या उत्तरातला एकही शब्द मला कळला नाही, परंतु हेल कळला. माझी आजी "आलेच रे, हात भरलेत" हे ज्या सुरात म्हणायची, तोच तो हेल होता. मी विचारले, "आजी, नातू ही भाषा बोलतो का?" त्या हसून म्हणाल्या, "समजते त्याला. बोलायचं म्हटलं की मराठीत बोलतो."

जंजिऱ्यावर मी फार लिहिणार नाही. शिडाच्या होडीतून जाताना तो जितका भव्य दिसतो तितका आत गेल्यावर, शेकडो माणसांच्या रांगेत, दिसत नाही. आमचा वाटाड्या तोफांची नावे आणि गुप्त भुयारांच्या गोष्टी इतक्या वेगाने सांगत होता की दादाला एकही भिंत वाजवता आली नाही. सिद्दींनी हा किल्ला कोणालाही जिंकू दिला नाही आणि हे संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, एवढे पुरे.

त्याच सिद्दी नवाबांचे शिकारीचे रान म्हणजे आजचे फणसाड अभयारण्य. १९८६ मध्ये ते घोषित झाले. राजाच्या बंदुकीसाठी राखलेले जंगल शेवटी जनावरांच्या कामी आले, ही गोष्ट भारतात अनेक ठिकाणी घडलेली आहे. फणसाडचे वेगळेपण त्याच्या गाणींत आहे. बारमाही पाणी टिकणाऱ्या नैसर्गिक पाणवठ्याला इथे 'गाण' म्हणतात. फणसाडची गाण आम्ही पाहिली तेव्हा सकाळचे सात वाजले होते, पाण्यावर पानांचा तवंग होता आणि काठच्या चिखलात सांबराच्या खुरांचे ताजे ठसे होते. जनावर मात्र एकही नाही. वर पाहा, असे आमच्या सोबतच्या वनमजुराने खुणेने सांगितले. गारंबीच्या वेलाची हातभराहून लांब शेंग दोन झाडांच्या मध्ये तलवारीसारखी लोंबत होती, आणि तिच्या वरच्या फांदीवर तांबूस पाठीचा, पिवळसर पोटाचा शेकरू चारी पाय पसरून पालथा पडला होता. त्याची शेपटी खाली सुटलेली होती. महाराष्ट्राचा राज्यप्राणी असल्याची कसलीही जाणीव त्या पसरण्यात नव्हती. पाच मिनिटांनी तो उठला, एका उडीत पुढच्या झाडावर गेला आणि रागावलेल्या माणसासारखा खर्जात कटकटत राहिला. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, त्यामुळे मधली दोन झाडे तुटली तरी त्याच्या दृष्टीने रस्ता तुटतो. दादाने यावर "पूल गेला," एवढेच म्हटले.

आगरदांड्याहून दिघीला फेरीबोटीने गेलो आणि तिथून रिक्षाने दिवेआगरला. हे गाव मी लहानपणी पाहिले होते. तेव्हा मुख्य रस्त्यावर भर दुपारी काळोखी सावली असायची, दोन्ही बाजूंना पोफळी इतक्या दाट होत्या. आता आकाश दिसत होते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले आणि काही तासांत श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या आडव्या झाल्या. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो त्या काकांनी संध्याकाळी वाडी दाखवली.

"माड पडला तर एकटा पडतो," ते म्हणाले, "पोफळ पडली की शेजारणीला घेऊन पडते. आमची रांगच्या रांग गेली. आवाज येत होता बंदुकीसारखा, आम्ही आत देवघरात बसून मोजत होतो."

"किती गेल्या?" दादाने विचारले.

"मोजणं मध्येच सोडलं."

नंतर त्यांनी जे सांगितले ते मला माहीत नव्हते. पोफळीचे रोप कोवळेपणी ऊन सोसत नाही. मोठ्या झाडांच्या सावलीतच ते वाढवायचे असते. वादळाने सावलीच नेली, त्यामुळे त्या वर्षी लावलेली बरीच रोपे उन्हाने होरपळली. मग काकांनी आधी केळी लावल्या, केळींची सावली धरल्यावर त्यांच्या पोटात रोपे लावली आणि आता रोपे डोक्यावर गेल्यावर एकेक केळ काढायला घेतली होती. एका झाडापाशी उभे राहून त्यांनी खोडावरची कडी बोटाने दाखवली. पान गळाले की खोडावर कडे उमटते. "हे बघा, इथपर्यंत कडी अंगावर अंग घालून आहेत, म्हणजे झाड दमलेलं. इथून पुढे अंतर सुटलंय, म्हणजे अंगाला लागलं." बोट जिथे थांबले तिथपासून वर शेंड्यापर्यंत तीन-चार हातांचे अंतर होते. श्रीवर्धनी रोठा सुपारी पुन्हा पूर्वीसारखी उतरायला अजून काही वर्षे जातील. काकांचे वय साठीच्या पुढे आहे. मुलगा पनवेलला नोकरी करतो आणि या वाडीच्या जागी चार खोल्या बांधाव्यात असे त्याचे म्हणणे आहे. हिशेब त्याचाच बरोबर आहे, हे काकांनी स्वतःच सांगितले आणि पाटाचे दार उघडायला ते पुढे गेले.

दिवेआगरची जमीन उकरली की काहीतरी मिळते, असे गावात म्हणतात. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा मराठी ताम्रपट इथलाच. १९९७ मध्ये एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि गावाचे नशीब पालटले. मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी तो पळवला आणि देवळाच्या दोघा पहारेकऱ्यांना ठार मारले. वितळवलेले सोने पुढे मिळाले, नवी मूर्ती घडली आणि २०२१ मध्ये तिची स्थापना झाली. देवळात आम्ही गेलो तेव्हा दर्शनाची रांग मोठी होती. मूर्ती कशी सापडली, कशी गेली आणि कशी आली हे रांगेतल्या सगळ्यांना ठाऊक होते. माझ्या पुढच्या बाई आपल्या मुलीला ती गोष्ट सांगत होत्या. त्या दोन पहारेकऱ्यांचा उल्लेख गोष्टीत आला नाही. देवाची राखण करताना माणसे गेली आणि देव पुन्हा घडवता आला, हे मनातून काढून टाकणे मला त्या रांगेत शक्य झाले नाही. प्रसादाचा लाडू मी दादाला देऊन टाकला.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट ओहोटी पाहूनच धरायची असते. तिथल्या खडकांना लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे पाडली आहेत. आम्ही त्यात रमलो आणि बागमांडल्याच्या धक्क्यावर पोहोचलो तेव्हा शेवटची फेरीबोट सावित्रीच्या मध्यावर होती. वेळापत्रक पाहून ठेवण्याचे काम माझे होते. ते जुन्या हंगामाचे निघाले. पलीकडच्या काठावर वेसवीचे दिवे स्पष्ट दिसत होते, जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचे पाणी, आणि रस्त्याने वळसा घालायचा तर सावित्रीच्या काठाने पार आंबेतच्या पुलापर्यंत जावे लागले असते. खाडी म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी नीट कळले. नकाशात शेजारी असलेली दोन गावे तिच्यामुळे दोन जिल्ह्यांत, दोन बोलींत आणि कधी कधी दोन दिवसांच्या अंतरावर राहतात. धक्क्यावरच्या चहावाल्याने जवळच्या एका घरी आमची सोय लावून दिली आणि रात्री तांदळाची भाकरी व कोलंबीचे कालवण मिळाले, त्यामुळे माझी चूक दादाने फारशी उगाळली नाही.

सकाळी पलीकडे उतरून बाणकोटला गेलो. १७५५ मध्ये इंग्रजांनी हा हिंमतगड घेतला आणि त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हटले. कोकणच्या मुख्य भूमीवरचे त्यांचे हे पहिले ठाणे. आत आता गवत आहे, जांभ्याच्या भिंती आहेत आणि पायथ्याच्या खाडीचे इतके विस्तीर्ण दृश्य आहे की तिथे बसून तासभर कोणी काही बोलले नाही तरी चालते. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री इथे समुद्राला मिळते. तिच्या उगमाकडच्या ज्या टोकाला लोक 'आर्थर सीट' म्हणतात, त्या आर्थर मॅलेटची बायको आणि तान्हे मूल याच नदीच्या मुखाशी होडी बुडून गेले असे सांगतात. महाबळेश्वरला मी त्या कठड्यापाशी अनेकदा मका खाल्ला आहे. ती दरी जिथे जाते ते ठिकाण पहिल्यांदाच पाहत होते.

वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. लाल मातीच्या पाखाड्या, गडगे, सारवलेली अंगणे आणि गावाबाहेर सुरूच्या बनापलीकडे लांबलचक, मोकळी वाळू. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांच्या संरक्षणाला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. त्याआधी अंडी काढून खाल्ली आणि विकली जात. उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरत. काम उभे राहिले ते गावातल्याच माणसांवर. ज्यांना अंडी शोधता येत होती, त्यांचेच डोळे पुढे अंडी राखण्याच्या कामी आले. आता गावातली घरे पाहुण्यांना उतरवून घेतात, आणि हंगामात शनिवार-रविवारी किनाऱ्यावर कासवांपेक्षा कॅमेरे अधिक असतात. मी त्यांतलीच एक होते, त्यामुळे नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. तरीही मोबाईलचा दिवा पिल्लांवर धरणाऱ्या एका गृहस्थांना दादाने ज्या आवाजात "बंद करा ते" म्हटले, तो त्याचा बांधकामावरचा आवाज मी पंचवीस वर्षांनी ऐकला.

घरट्यांची देखरेख करणारा तरुण पंचविशीचा होता. शिमग्याचे दिवस होते, गावात पालखी घरोघर फिरत होती. मध्यरात्रीपर्यंत तो ढोलावर होता, आणि पहाटे तीन वाजता विजेरी घेऊन किनाऱ्यावर. त्याच्याबरोबर जायची परवानगी आम्हाला मिळाली. कासवीण वर येऊन परत गेली की वाळूवर तिच्या वल्ह्यांसारख्या चारी पायांचा माग उमटतो, एखादा छोटा ट्रॅक्टर समुद्रातून येऊन परत गेल्यासारखा. त्या रात्री आम्हाला कासवीण दिसली नाही, माग दिसला. मागाच्या वळणाजवळ तो गुडघ्यांवर बसला आणि एक बारीक काठी हलकेच वाळूत घालत गेला. घट्ट, घट्ट, घट्ट, आणि मग एका जागी काठी किंचित सैल गेली. "इथे," तो म्हणाला आणि काठी बाजूला ठेवून हातांनी उकरू लागला. खड्डा मडक्यासारखा, तोंडाशी अरुंद आणि तळाला फुगीर. मागच्या वल्ह्यांनी, मान न वळवता, ती तो खणते. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, परंतु कवच मऊ, दाबले तर खळगा पडेल असे. एकेक अंडे काढताना तो मोठ्याने मोजत होता आणि दादा वहीत पाच-पाचच्या रेघा ओढत होता. एकशे बारा भरली. नंतर खड्ड्याची खोली काठीने मोजून, कुंपणाच्या आत तेवढाच खोल आणि त्याच आकाराचा खड्डा त्याने केला, कारण तळाच्या वाळूची ऊब बदलली तर पिल्लांचे लिंगही बदलते. वाळू अधिक तापली तर माद्या अधिक निपजतात. साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले वर येतात, म्हणून प्रत्येक घरट्यावर तारखेची पाटी असते, आणि दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालतात.

"पुरुष कासव कधी बघितलंस का?" मी विचारले.

"नाही ताई. ते एकदा पाण्यात गेले की परत जमिनीला पाय लावत नाहीत. म्हणजे आम्ही सोडतो त्यातले अर्धे आम्हाला कधीच दिसायचे नाहीत. आणि जगतात किती, तर हजारात एखादं, असं म्हणतात."

मादी कुठे जाते, हे तरी आता थोडेफार कळू लागले आहे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीला उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले गेले आणि तिचे नाव ठेवले 'प्रथमा', कारण पश्चिम किनाऱ्यावरचा तो पहिलाच प्रयोग होता. त्याहून चकित करणारी गोष्ट २०२५ ची आहे. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर क्रमांक असलेली धातूची पट्टी सापडली आणि ती २०२१ मध्ये ओडिशात लावलेली निघाली. पूर्व किनाऱ्याची कासवे वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, हा समज एका पट्टीने ढिला केला. त्या तरुणाने हे मला सांगितले तेव्हा त्याच्या बोलण्यात किंचित नाराजी होती. ती मादी वेळासला यायला हवी होती, असे त्याला वाटत होते.

पहिल्या सकाळी टोपल्या उचलल्या तेव्हा एकीखालीही पिल्लू नव्हते. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेले एक कुटुंब फार हिरमुसले आणि त्यांतले आजोबा "निदान एखादं तरी ठेवायला हवं होतं दाखवायला," असे म्हणाले. संध्याकाळी एका टोपलीखाली तेवीस निघाली. करड्या, खडबडीत, बटणासारख्या डोळ्यांची ती पिल्ले पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवली आणि दोरीच्या मागे आम्ही सगळे उभे राहिलो. ती स्वतःच्या पायांनी पाण्यापर्यंत गेली पाहिजेत. काही सरळ गेली, काही गोल फिरली, एकाला लाटेने तीनदा परत आणून टाकले. चौथ्यांदा ते गेले तेव्हा टाळ्या वाजल्या. आकाशात पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड घिरट्या घालत होता आणि त्यालाही पिल्ले असणार, हे तिथे मोठ्याने बोलण्याची सोय नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी आमची गाडी साडेआठची होती. तो तरुण एक जुने घरटे उघडत होता. पिल्ले येऊन गेल्यावर काही दिवसांनी ते उकरून आत काय उरले ते मोजायचे असते. गर्दी पिल्लांसाठी असते, या कामाला कोणी थांबत नाही. फाटक्या कागदासारखी कवचे त्याने एका बाजूला रचली, न उबलेली अंडी दुसऱ्या बाजूला, आणि तळातून अर्धे बाहेर आलेले, तसेच वाळलेले एक पिल्लू निघाले ते तळहातावर घेऊन जरा वेळ पाहिले. मग सगळे परत खड्ड्यात घालून वाळू सारखी केली, हात पँटला पुसले आणि वही उघडली. रकाने आखलेले होते: घरट्याचा क्रमांक, तारीख, अंडी, पिल्ले, न उबलेली, मृत. शेवटचा रकाना 'शेरा' असा होता. बाकीचे आकडे त्याने भराभर भरले. शेऱ्यापाशी तो अडला, पुन्हा एकदा वाळूकडे वाकून पाहिले, आणि लिहिले, 'मुंग्या'.